रंगाचा टवका उडालाय? गंज धरायच्या आत घरीच भरा

गाडी धुऊन झाली की एकदा बॉनेटच्या पुढच्या कडेवर नजर टाका. महामार्गावर नेहमी जाणाऱ्या गाडीला तिथे बारीक ठिपके दिसतातच. पुढच्या डंपरच्या चाकाखालून उडालेली खडी बॉनेटवर आदळते आणि रंगाचा टवका उडतो. वर्षानुवर्षं रुंदीकरण चाललेल्या मुंबई-गोवा महामार्गावरून गावी जाऊन आलं की असे दोन-चार टवके नव्याने सापडतात. बॉनेटखेरीज छपराची पुढची कड, समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब, चाकांच्या कमानी, पुढच्या चाकामागचा दाराचा खालचा भाग आणि पार्किंगमध्ये भिंतीला लागलेली दाराची कड ही त्यांची ठरलेली ठिकाणं.

बहुतेक लोक एक तर तिकडे दुर्लक्ष करतात, नाही तर थेट अख्खं पॅनल रंगवून घेतात. मला दोन्ही पटत नाही. कारखान्यात गाडीचा सांगाडा उघडा असताना रंग साधारण १४० अंश सेल्सिअसला भाजला जातो. गॅरेजमध्ये गाडीत वायरिंग, रबर, प्लास्टिक सगळं बसलेलं असतं, त्यामुळे तिथे ६० अंशांच्या फार पुढे जाता येत नाही. पुष्कळ ठिकाणी तर रंग नुसत्या हवेवर वाळतो. म्हणजे मूळ रंग हा गाडीला मिळणारा सर्वांत टिकाऊ रंग. दोन मिलिमीटरच्या टवक्यासाठी तो अख्खा घासून टाकणं नुकसानीचं आहे. विम्यातून करून घ्यायचं म्हटलं तर एका क्लेमने नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यातली सूट, जाते, आणि ती सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत पोचलेली असते. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे सक्तीचे १००० रुपये आपल्यालाच भरावे लागतात.

दुर्लक्ष तर त्याहून महाग पडतं. टवक्यातून पत्र्यापर्यंत पाणी गेलं की गंज रंगाच्या खालून आडवा पसरतो. वरून ठिपका तेवढाच दिसतो, पण भोवतालचा रंग फुगून उचलला जातो. मुंबईत समुद्राजवळ राहणाऱ्यांना आणि कोकणात गाडी ठेवणाऱ्यांना हे फार लवकर भोगावं लागतं, कारण खाऱ्या हवेत गंजाला वेग येतो. म्हणून टवका भरताना क्रम पक्का ठेवा: आधी पत्र्याकडे जाणारं पाणी बंद करायचं, मग तो दिसायला चांगला करायचा. दिसणं ८० टक्के जमलं तरी चालेल, पाणी मात्र पूर्ण बंद झालं पाहिजे.

टवका किती खोल आहे?

गाडीच्या पत्र्यावर चार थर असतात. सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक थर साधारण २० मायक्रॉनचा, त्यावर प्रायमर ३० च्या आसपास, मग खरा रंग म्हणजे बेस कोट जेमतेम १५, आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट ४० ते ५०. सगळे मिळून झेरॉक्सच्या एका कागदाएवढी जाडी. एवढ्याशा जागेत आपल्याला काम करायचं आहे, हे पुढे घासायची वेळ येईल तेव्हा विसरू नका.

टवक्यावर ओलं बोट फिरवा. पांढरी खूण ओली असताना गायब झाली तर फक्त क्लिअर कोट खरवडला गेला आहे. त्याला रंग लावायची गरज नाही, रबिंग कंपाउंड आणि पॉलिशने भागतं. खूण तशीच राहिली तर आत काय दिसतं ते मोबाइलच्या टॉर्चने तिरक्या उजेडात पाहा. राखाडी किंवा पांढरट मॅट थर म्हणजे प्रायमर शाबूत आहे. चकाकणारा पत्रा म्हणजे टवका पूर्ण खोल गेला, पण अजून वेळ आहे. तपकिरी ठिपका दिसला की गंज सुरू झाला.

पाच-सहा मिलिमीटरपर्यंतचा टवका घरी छान भरता येतो. त्याहून मोठा असेल, पत्रा आत गेला असेल, कडेने रंग फुगला असेल किंवा पत्र्याला आरपार भोक पडलं असेल तर डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडेच जा. फुगलेल्या रंगावर टचअप लावणं म्हणजे गंज झाकून ठेवणं.

रंगाचा कोड

दुकानात जाऊन ‘पांढरी स्विफ्ट’ म्हणून रंग मागू नका. दुकानदार पहिलं हेच म्हणेल, ‘साहेब, नाव नको, कोड सांगा.’ एकाच कंपनीचे तीन-चार पांढरे आणि तितकेच राखाडी असतात. कोड बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा बॉनेट उघडल्यावर समोरच्या पत्र्यावरच्या पाटीवर असतो; फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत तो डिक्कीत स्टेपनीच्या खळग्यात आणि सर्व्हिस बुकात सापडतो. सुझुकीचा सिल्की सिल्व्हर म्हणजे ‘झेड२एस’, होंडाचा टॅफेटा व्हाइट म्हणजे ‘एनएच-५७८’, अशा धर्तीचे हे कोड. स्टिकरवर इतरही आकडे असतात, तेव्हा फोटो काढून दुकानदाराला दाखवणं सोपं.

कोडवरून तयार मिळणारी टचअपची छोटी बाटली किंवा पेन घ्या, नाही तर कॉम्प्युटरवर रंग मिसळून देणाऱ्या ऑटो पेंटच्या दुकानातून थोडासा बनवून घ्या. कोड बरोबर असला तरी पाच-सात वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीची छटा बदललेली असते. म्हणून थेट गाडीवर थेंब टाकू नका. जाड पांढऱ्या कार्डावर रंगाचा ठिपका लावा, वाळू द्या, त्यावर क्लिअर लावा, तोही वाळू द्या आणि मग कार्ड पॅनलला टेकवून उन्हात आणि सावलीत दोन्हीकडे बघा. ओला रंग आणि क्लिअर चढलेला वाळका रंग यांत चांगलाच फरक पडतो, त्यामुळे बाटलीकडे बघून निर्णय घ्यायचा नाही. लाल, काळा, साधा पांढरा हे रंग सहज जुळतात. सिल्व्हर आणि मेटॅलिक राखाडी सर्वांत अवघड. पर्ल व्हाइटमध्ये पांढऱ्या थरावर मोतिया झाकेचा आणखी एक थर असतो, तेव्हा त्याच्या दोन बाटल्या लागतील का, हे आधीच विचारून घ्या.

सामान

रंग आणि क्लिअर यांच्याबरोबर गंजरोधक प्रायमरची छोटी बाटली लागेल. आयसोप्रोपिल अल्कोहोल केमिकलच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. त्याऐवजी सॅनिटायझर वापरू नका, त्यातल्या ग्लिसरीनचा तेलकट थर मागे राहतो. गंज असेल तर रस्ट कन्व्हर्टर. बाकी मायक्रोफायबरची दोन-तीन फडकी, कान साफ करायच्या काड्या, लाकडी टूथपिक, चित्रकलेच्या दुकानातला शून्य किंवा तीन-शून्य नंबरचा ब्रश, मास्किंग टेप, २००० आणि ३००० नंबरचा वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा बारीक सँडपेपर), रबिंग कंपाउंड आणि हातमोजे.

टचअपच्या बाटलीच्या झाकणाला जोडलेला ब्रश टवक्यापेक्षा दुप्पट-तिप्पट रुंद असतो. तो भरायचा रंग बाहेरच जास्त फासतो. माझ्या मते त्याचा उपयोग बाटलीतून थेंब बाहेर काढण्यापुरताच.

दिवस आणि जागा

पावसाळ्यात हे काम काढू नका. रंगातला द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतली वाफ त्यावर धरते आणि थर पांढरट, धुरकट होतो. दिवाळीनंतर ते मार्चपर्यंतचे दिवस उत्तम. थंडीत सकाळी दव पूर्ण सुकल्यावर सुरू करा. गाडी सावलीत हवी आणि पत्रा हाताला गार लागला पाहिजे. तापलेल्या बॉनेटवर रंग टेकता टेकता वाळतो, पसरून खळगा भरत नाही. वारा, झाडाखालची जागा, आणि शेजारी कुणी अंगण झाडत असेल ती वेळ टाळा. बंद गॅरेजमध्ये असाल तर शटर उघडं ठेवा, आणि आसपास शेगडी, सिगारेट, दिवा काही नको: थिनर आणि अल्कोहोलची वाफ पटकन पेट घेते.

पावसाळ्यातच टवका उडाला आणि पत्रा उघडा पडला तर? जागा कोरडी करून, अल्कोहोलने पुसून त्यावर पारदर्शक चिकटपट्टीचा छोटा तुकडा घट्ट दाबून लावा. दिसायला बरं दिसत नाही, पण उघडीप मिळेपर्यंत पाणी अडतं. पट्टीची कड सुटली की लगेच बदला, नाही तर तिच्याखालीच ओल साचते.

साफसफाई

गाडी शॅम्पूने धुऊन पूर्ण वाळवा. टवक्याच्या भोवती डांबराचे ठिपके असतील तर टार रिमूव्हरने काढा. मग टवका आणि भोवतालची चार बोटं जागा अल्कोहोलने पुसा, म्हणजे पॉलिश, वॅक्स आणि सिलिकॉन निघून जाईल. यांवर रंग चिकटत नाही. थेंब आकसून गोळा होतो किंवा महिन्याभरात सोलून निघतो.

पॅनल आधी कधी रंगवलेलं आहे का, हे याच वेळी तपासा. दाराच्या आतल्या कडेसारख्या न दिसणाऱ्या जागी थिनरमध्ये किंचित भिजवलेली काडी हलकेच फिरवा. काडीला रंग लागला तर ते पॅनल नंतर साध्या लॅकरने रंगवलेलं आहे, आणि त्यावर पुढे कुठेही थिनर वापरायचा नाही. मूळ भाजलेला रंग सहसा काडीला लागत नाही.

आता टवक्याच्या कडा. टूथपिकच्या टोकाने कडेला आतून बाहेर हलकेच उचलून बघा. सुटलेला रंग आत्ताच निघालेला बरा. तो तसाच ठेवून वर भरलं तर भरलेला भागही त्याच्यासकट उडतो. टवका त्यामुळे थोडा मोठा होईल, होऊ द्या. मग २००० च्या वॉटर पेपरचा बारीक गोल कापून पेन्सिलच्या मागच्या रबरावर चिकटवा, पाण्याचा थेंब टाकून टवक्यातच चार-पाच वेळा फिरवा. कडेची खडी पायरी मोडली की रंग भिंतीपर्यंत नीट वाहतो. पुन्हा अल्कोहोल, पुन्हा वाळवणं.

गंज असेल तर

हा भाग घाईने करू नका, सगळ्या कामाचं आयुष्य इथे ठरतं. सुईच्या किंवा धारदार ब्लेडच्या टोकाने तपकिरी भुकटी खरवडून काढा, चकाकणारा पत्रा दिसेपर्यंत. भिंगातून बघितलंत तर कळेल की खळग्याच्या कडेखाली एक बारीक तपकिरी रेघ शिल्लक राहते. तीच पुढे पसरते. त्या बाजूचा रंग आणखी थोडा खरवडून तिचा शेवट गाठा. तरीही छिद्रांमध्ये काळे-तपकिरी ठिपके उरले तर टूथपिकने रस्ट कन्व्हर्टरचा अगदी छोटा थेंब तेवढ्याच जागी लावा. गंजाशी संयोग होऊन तो काळा पडतो आणि घट्ट बसतो. भोवतालच्या रंगावर सांडलेलं लगेच ओल्या फडक्याने पुसा. बाटलीवर लिहिलेली वेळ पूर्ण थांबा. काही प्रकारांना २४ तास लागतात. कन्व्हर्टर लावावा लागला नसेल तर मात्र उघडा पत्रा रात्रभर तसाच सोडायचा नाही. खरवडून चकाकता केला की त्याच दिवशी प्रायमर.

प्रायमर टूथपिकने, फक्त पत्रा दिसतो तिथे, पातळ. खळगा भरून काढायचा नाही, पत्र्यावर पापुद्रा आला की पुरे. मूळ राखाडी प्रायमर शाबूत असेल तर ही पायरी गाळा आणि थेट रंगावर या.

रंग भरणं

बाटली चांगली दोन-तीन मिनिटं हलवा. मेटॅलिक रंगातली धातूची चूर्ण तळाशी बसते. न हलवता वापरलं तर वरचा फिका रंग येतो. एक थेंब प्लास्टिकच्या झाकणात काढा. टूथपिकचं टोक त्यात बुडवून झाकणाच्या कडेला टेकवा, म्हणजे जास्तीचा रंग गळून जाईल. आता ते टोक खळग्याच्या मध्यभागी टेकवा, फिरवू नका. थेंब स्वतःच पसरत कडेपर्यंत जातो आणि तिथे थांबतो. तिरक्या उजेडात बघा: ओला असताना खळगा अगदी काठोकाठ भरल्यासारखा आणि चकचकीत दिसेल. वीस मिनिटांनी बघाल तर तोच रंग खाली बसून तळाला चिकटलेला आणि मॅट झालेला असतो. यात बिघडलं काही नाही. बाटलीतला मोठा भाग द्रावकाचाच असतो आणि तो उडून गेला. एकाच जाड थेंबात खळगा भरायचा मोह इथेच होतो. तसं केलंत तर वरची साय आधी वाळते, आतला द्रावक अडकतो, मग बारीक फोड येतात किंवा आठवड्यांनंतर मधोमध खड्डा पडतो.

म्हणून पातळ थर, मध्ये वीस ते तीस मिनिटं, असे तीन-चार थर. प्रत्येक वेळी टूथपिक नवीन. मेटॅलिक असेल तर ब्रश ओढू नका, नुसतं टेकवा. ओढलं की धातूचे कण एका दिशेला झोपतात आणि ठिपका भोवतीपेक्षा काळा दिसतो. लांबट चरा असेल तर तीन-शून्यचा ब्रश चऱ्याच्या दिशेनेच न्या. रंग बाहेर गेला तर ओला असतानाच अल्कोहोलमध्ये भिजवून पिळलेल्या काडीने पुसा. अख्खा थर मनासारखा आला नाही तरी हाच उपाय: ओलं आहे तोवर पुसून पुन्हा सुरू. वाळल्यावर तो सोपेपणा राहत नाही.

रंग भोवतालच्या पातळीच्या किंचित खाली ठेवायचा. वरची जागा क्लिअरची आहे.

क्लिअर

शेवटचा रंगाचा थर वाळल्यावर, बाटलीवर वेगळं लिहिलं नसेल तर निदान तासाभराने, क्लिअरचे दोन-तीन पातळ थर त्याच पद्धतीने द्या. शेवटचा थर वाळल्यावर पातळीच्या थोडा वर राहिलेला चांगला, कारण तोही पुढे काही दिवस आकसतो. हार्डनर मिसळायचा टू-के क्लिअर स्प्रे घरी मारू नका. त्यातले आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतात, आणि साध्या कापडी मास्कने ते अडत नाहीत.

गाडी दोन दिवस धुऊ नका, कव्हर घालू नका आणि ठिपक्याला बोट लावून बघू नका. वॅक्स किंवा पॉलिश त्या जागी महिनाभर नको.

घासून सपाट करायचं का?

इथे माझं मत स्पष्ट आहे: बहुतेक वेळा नको. चार-पाच फुटांवरून किंचित उंचवटा दिसत नाही, आणि पत्रा झाकायचं काम झालेलं असतं. घरी केलेली बहुतेक टचअपची कामं बिघडतात ती याच पायरीवर, कारण उंचवटा घासता घासता भोवतालचा चांगला क्लिअर कोट घासला जातो. तो ४० मायक्रॉनचा. एकदा बेस उघडा पडला की अख्खं पॅनल रंगवण्यावाचून मार्ग नाही. पॅनलच्या घडीवर आणि कडेवर तर तो आणखी पातळ असतो, तिथे वॉटर पेपर लावायचाच नाही.

करायचंच असेल तर निदान एक आठवडा थांबा. ठिपक्याभोवती मास्किंग टेपचे तुकडे लावा, म्हणजे पेपर बाहेर सरकला तरी टेपवर घासेल. २००० चा वॉटर पेपर दहा मिनिटं शॅम्पूच्या पाण्यात भिजवा, बोटाएवढ्या कडक रबराच्या किंवा लाकडाच्या ठोकळ्यावर गुंडाळा. नुसत्या बोटाने घासू नका, बोट खळगा करतं. पाच-सहा हलके फटके, पुसून तिरक्या उजेडात बघायचं, पुन्हा पाच-सहा. पुसलेलं पाणी दुधाळ असेल तर क्लिअर निघतंय. पाण्याला गाडीचा रंग आला तर त्याच क्षणी थांबा. उंचवटा जवळपास सपाट झाला की टेप काढून ३००० ने हलकं घासा आणि रबिंग कंपाउंडने हाताने चमक आणा.

बंपर आणि बाइकची टाकी

बंपर प्लास्टिकचा असल्यामुळे गंजाची भीती नाही, फक्त दिसण्याचा प्रश्न. पण उघडं प्लास्टिक दिसत असेल तर रंगाआधी प्लास्टिक प्रायमर लागतो, नाही तर रंग टिकत नाही. थिनर बंपरवर नको, प्लास्टिक मऊ पडतं.

बाइकच्या पेट्रोल टाकीवर टवका असेल तर हीच पद्धत पत्रा वाचवायला चालते, मात्र झाकणाच्या जवळ ती टिकणार नाही. टचअपचा साधा लॅकर पेट्रोल सांडलं की विरघळतो. तिथे पेंटरकडून हार्डनरवाला क्लिअर मारून घ्या.

पुढची काळजी

डंपर आणि खडीच्या ट्रकमागे अंतर ठेवा, जमेल तेव्हा लेन बदला. समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेली असेल तर घरी येताच गोड्या पाण्याने खालून-वरून धुवा. गाडी नवी असेल आणि महामार्गावरचा प्रवास रोजचा असेल तर निदान बॉनेटच्या पुढच्या भागाला पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म, लावण्याचा खर्च मला योग्य वाटतो. उरलेल्या रंगाच्या बाटलीचं तोंड पुसून, झाकण घट्ट लावून, तारीख लिहून ती सावलीत उभी ठेवा.

मे महिन्यात, पावसाआधी, गाडीभोवती एक फेरी मारून नवे टवके शोधा आणि भरा. पाऊस संपल्यावर भरलेल्या ठिपक्यांच्या कडा टॉर्चने तपासा. कडेला तपकिरी रेघ उमटली असेल तर आत गंज राहून गेला आहे. वरून रंगाचा आणखी एक थर देऊ नका, तेवढी जागा खरवडून पत्र्यापासून पुन्हा सुरुवात करा.